गठ्ठ्यावर चढवलेली पँट

धाकटीची नवी पँट कमरेला इतकी घट्ट होती की ती घालून नुसतं उभं राहिलं तरी तिला धाप लागत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गोंदियाच्या मैदानावर धावायचं होतं. वनरक्षकाच्या भरतीची दौड. ती वेळेत झाली तरच पुढचं सगळं.

जुनी पँट सरावात मागून फाटली म्हणून आईने ही सडक अर्जुनीच्या एका दुकानातून घाईघाईने आणली होती. मोठं माप नव्हतं. दुकानदार म्हणाला, "रबर है, खिंच जाएगा."

मला त्या दुकानदाराचा राग आला, मग कारखान्याचा, मग बायकांच्या कमरांची मापं न बघता ठरवणाऱ्या सगळ्या जगाचा. माझं हे असंच आहे. बाबा आठवडी बाजारात वाटायचे ती पत्रकं वाचून मी अक्षरं शिकले. प्रत्येक पत्रकात शेवटी कोणीतरी जबाबदार असायचा, त्यामुळे काहीही बिघडलं की मी आधी जबाबदार शोधते.

"ताई, भाषण मंग दे," धाकटी म्हणाली. "आदी हे सैल कर."

ते इलास्टिक काढून बदलण्यासारखं नव्हतं. पट्टीत घालून वर शिलाईच्या तीन-चार रांगा मारलेल्या होत्या. आईचा उपाय एकच: रुंद वस्तूवर पँट चढवायची, वरून ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबायची आणि तशीच ताणून ठेवायची. मी वस्तू शोधू लागले. खुर्चीची पाठ वर निमुळती होती. तांदळाचा डबा फारच मोठा. शेवटी बाबांच्या खाटेखालचा पत्रकांचा गठ्ठा ओढला. सुतळीने बांधलेला, कडक, चारी कोपरे नीट. पँट त्याच्यावर अशी बसली जणू त्याच्याच मापाने शिवली होती.

वरच्या पत्रकाचं शीर्षक अर्धं झाकलं गेलं. ते मला पाठ होतं: 'जंगल कोणाचं?' बाबांनी लिहिलेलं, मी तपासून दिलेलं. जंगल गावाचं, वनखात्याच्या खाकीचं नाही, असं त्यात ठासून मांडलं होतं. माझ्या एका वाक्याखाली बाबांनी तेव्हा रेघ मारली होती आणि मला फार अभिमान वाटला होता. आता त्याच कागदांवर मी खाकीकडे निघालेल्या मुलीची कंबर सैल करत होते.

मी कोणाच्या बाजूची होते? त्या पत्रकातला शब्द न् शब्द मला आजही पटतो. आणि गेले कित्येक महिने पहाटे धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर धाकटी धावायची तेव्हा मागून सायकलवर टॉर्च धरून मीच असायची. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कशा केल्या ते मला सांगता येत नव्हतं.

बाबांनी तिला अर्ज भरताना अडवलं नव्हतं. त्यांनी फक्त तो विषय बोलणं सोडलं होतं. चौकात कुठल्याही विषयावर तासभर बोलणारा माणूस घरात एका विषयावर गप्प झाला, याची आम्हाला जास्त भीती वाटायची.

संध्याकाळी ते शेतावरून आले, पाय धुतले आणि थबकले.

"हे का करून रायली?"

"इलास्टिक सैल करून रायली."

त्यांनी पट्टीला बोट लावून पाहिलं. "एवढ्यानं होते का?" म्हणाले आणि जेवायला बसले.

सकाळी पाहते तर पँटीत दुसरा गठ्ठा कोंबलेला. कापड फाटायच्या बेताला आलेलं, त्यावर इस्त्रीची नवी चमक. दोन्ही गठ्ठे काढले तर पट्टी वाळल्या पानासारखी लाटा लाटांची झाली होती. धाकटीने पँट चढवली, हात सोडला आणि पँट गुडघ्यावर आली.

"बाबा, हे तुमी केलं?" धाकटीने विचारलं.

"घट्ट होती ना?"

"घट्ट होती म्हणून का मारूनच टाकाचं तिले?"

आई चुलीजवळून ओरडली, "पोरीले जाऊ द्याचं नसन तं तोंडानं सांगा ना! पँटीवर कायले राग काढता?"

बाबांनी एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, पँट मागून घेतली, पट्टीला ब्लेडने बारीक चीर दिली आणि सेफ्टीपिनला सुतळी बांधून शिलाईच्या दोन रांगांमधून ती सरकवत नेली. पहिल्या बसची वेळ होत आली होती, तरी त्यांची बोटं घाई करत नव्हती. पँट परत देताना म्हणाले, "सरगाठ नको मारू, सुटते. गठ्ठ्याले मारतो तशी मार." आणि खाटेच्या पायाला उरलेली सुतळी गुंडाळून गाठ दाखवली.

बसमध्ये धाकटीने विचारलं, "मुद्दाम केलं का वं त्यायनं?"

"माहीत नाई."

"तुले तं सगळंच माहीत रायते," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

मैदानाच्या कुंपणाबाहेर मी उभी राहिले. शिटी वाजली. पहिल्या फेरीत धाकटी मागे पडत होती, कारण तिचा एक हात कमरेवर होता. मला घोषणा शेकडो येतात, पण त्या क्षणी एकही कामाची निघाली नाही. मग घशातून आलं ते एवढंच: "हात सोड! गाठ बाबाची हाय!"

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पण हात सुटला. पँट जागची हलली नाही. ती एकेकीला मागे टाकत वेळेत आली, आणि मी कुंपणाची तार धरून रडत होते. आनंदाने की कशाने, ते तेव्हाही कळलं नाही.

घरी आल्यावर नवीच अडचण. घामाने सुतळी फुगून गाठ दगडासारखी झाली होती आणि पँट उतरेना. आईने कात्री आणली.

"कापू नका," बाबा म्हणाले. "गठ्ठा बांधाचा हाय."

"मंग मी का ह्याच पँटीत निजू?" धाकटी म्हणाली.

त्यांनी माझ्या हातात दाभण दिलं. "तू सोड. हळू."

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. बाबा सुट्या पत्रकांच्या कडा मांडीवर ठोकून सारख्या करत होते. वर न बघताच त्यांनी धाकटीला विचारलं, "तुह्या मांगं किती होत्या?"

"लय होत्या."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कडा ठोकू लागले. दुसरा गठ्ठा कशासाठी घातला होता, हे विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात गाठीचा एक पेड हलला, म्हणून मी पुन्हा खाली मान घालून दाभण फिरवत राहिले.