दारूबंदीवर मी ठोकलेलं भाषण

आधीच बजावून ठेवतो, चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही. या किश्शात मी जो गाढवपणा केला, त्याचा मला अजून राग येतो!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वर्ध्याला एका शाळेत मी भूगोल शिकवत होतो आणि दारू पीत होतो. दोन्ही अगदी नियमाने. शेवटी बायको, शांता, दोन्ही पोरींना घेऊन रोहण्याला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "डॉक्टर सांगून राह्यले ना, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणून? तिथं जा. चार लोकांत एकदा खरं बोलून या, मंग मले न्याले या. नाई तर पोरी तिकडंच शिकतीन."

आता डोकं फिरायची वेळ बघा. आमचा अख्खा जिल्हा सरकारने दारूबंद करून टाकलेला. म्हणजे कागदावर दारू नाही. दारू नाही, म्हणजे दारुडे नाहीत. मग त्यांच्या मीटिंगचा बोर्ड कोण लावणार? डॉक्टर एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी दहाला, कापूस बाजारामागच्या शाळेत."

बाजारामागे शाळा तीन!

पानठेल्यावर गेलो. मान खाली घालून हळूच विचारलं, "इकडं ते… पिणाऱ्यांचं काही असते का?"

पानवाल्याने आजूबाजूला पाहिलं. "मोहाची देऊ का इंग्लिश, गुरुजी?"

"अरे, मले सोडाची हाय!"

"मंग माह्याकडं काऊन आले?"

पुढे सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो ट्यूबमध्ये भरलेली दाखवायला लागला! दारूबंद गावात दहा मिनिटांत दोन ठिकाणी दारू मिळाली, पण ती सोडायची जागा काही सापडेना. असा संताप आला की काय सांगू!

शेवटी तिसऱ्या शाळेत एक खोली उघडी दिसली. आत दहा-बारा सभ्य माणसं, इस्त्रीचे कपडे, हातात चहाचे कप. आणि समोरच्या खुर्चीवर कोण असावं? आमचे हेडमास्तर! गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष!

ही तर समितीची बैठक! शाळा चुकली! मागे वळणार, तोच हेडमास्तरांनी पाहिलं.

"या मास्तर, बसा. काही बोलता का?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? मास्तर पितो हे अध्यक्षांना कळलं की नोकरी गेली. नोकरी गेली की शांता कसली येते! मी ठरवलं, असं भाषण ठोकायचं की माझा संशयच येता कामा नये.

"या दारुड्यांना भर चौकात उभं करून फोडलं पाहिजे!" मी सुरुवातच अशी केली. "बेशरम लोक! बायकोची शपथ घेतात आणि संध्याकाळी मोडतात. मास्तरसुद्धा सुटले नाहीत! जगाचा नकाशा गुंडाळतात आणि त्यात बाटली लपवतात!"

सगळे कप खाली ठेवून ऐकायला लागले. मला वाटलं, भाषण रंगतंय. मग माझी गाडी सुटली ती सुटलीच. पुस्तकी भाषाही कुठल्या कुठे गेली.

"असा एक मास्तर पोरीले गिरडच्या टेकडीवर, दर्ग्याले नेते. 'इथं बस, आलोच,' म्हणते. पिऊन येते अन् एकटाच एसटीत बसून घरी जाते! सहा वर्षांची पोर! दर्ग्याजवळ एका म्हाताऱ्या बाईचं बोट धरून रडत उभी! अशा हरामखोराले बाप म्हणाव का?"

शेवटचं वाक्य मी ओरडलो. टाळ्या पडतील म्हणून थांबलो. एकही पडली नाही. तिसऱ्या रांगेतला एक जण डोळे पुसत होता.

हेडमास्तर उठले. म्हणाले, "मी दारुडा हाओ. आठ महिने झाले, थेंब घेतला नाई."

शेजारचा उठला. "मीबी. तीन महिने."

मी घाईघाईने म्हणालो, "सर, मले वाटलं ही समितीची बैठक हाय!"

"समिती गुरुवारी भरते मास्तर. तिथं मी दुसऱ्याच्या दारूवर बोलतो. इथं आपल्या."

"पण मीबी दुसऱ्याचंच बोलून राह्यलो होतो!"

"हो ना," हेडमास्तर माझ्या हातात कप देत म्हणाले, "पयल्या दिवशी मीबी दुसऱ्याचंच बोललो होतो. अन् मास्तर, उद्या ते नकाशाच्या कपाटाची चाबी माह्या टेबलावर ठेवजा."

इतका राग आला! पानवाल्याचा, डॉक्टरचा, हेडमास्तरचा. रोहण्याच्या एसटीत बसेपर्यंत एकेकाला मनात शिव्या घालत होतो. मग शिव्या घालायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. शांता माहेरी गेली ती त्या गिरडच्या प्रकारामुळेच, हे मी तुम्हालाही सुरुवातीला सांगितलं नव्हतं, बघा.

रोहण्याला शांता दारातच आडवी उभी. आत येऊ देईना.

"गेलते का मीटिंगले?"

"गेलतो."

"काय बोलले?"

"दारुड्याले शिव्या घातल्या. चांगल्या अर्धा तास!"

तिचा चेहरा कडक झाला. "कोणाकोणाले?"

खोटं बोलायची सवय होती, पण त्या दिवशी जमेना.

"एकालेच," म्हणालो, तेव्हा कुठे ती दारातून बाजूला झाली.