नागपूरची मौखिकी आणि चौथं प्रकरण

सकाळी नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा बॅगेत कपड्यांचा एक जोड होता, उन्हाची टोपी होती, संत्रा बर्फीसाठी रिकामा डबा होता आणि जिची परीक्षा घ्यायची होती त्या उज्ज्वलाचा पीएचडीचा प्रबंध होता. प्रबंध सोडला तर बाकी सगळं हलकं.

माझा व्यवसाय सांगायला अवघड आहे. कोणाला काय माहीत आहे, आणि ते त्याला माहीत असल्याचं दुसऱ्याला माहीत आहे का, याचं तर्कशास्त्र मी मांडते. संगणक एकमेकांशी बोलतात तिथे ते लागतं. माझा भाऊ अजूनही प्रिंटर अडला की मला फोन करतो. या विषयात संशोधन करणारे थोडे, परीक्षक त्याहून थोडे. त्यामुळे देशाचा बराचसा भूगोल मी मौखिकींच्या (पीएचडीच्या तोंडी परीक्षांच्या) निमित्तानं शिकले.

उज्ज्वलाचे मार्गदर्शक गाडी घेऊन आले होते. वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. दुसऱ्या घासाला मला ठसका लागला. तेवढ्यात त्यांनी सांगून टाकलं, की चौथ्या प्रकरणातला मुख्य सिद्धांत चुकला आहे हे त्यांनी माझ्या अहवालात वाचलं होतं आणि त्यांना पटलंही होतं. "पण मॅडम, विभागप्रमुखांले माहीत नाही. कशाले सांगता?"

चूक साधी होती. उज्ज्वलानं लिहिलं होतं, की यंत्रं एकमेकांना निरोप पाठवत राहिली तर शेवटी सगळ्यांची खात्री पटते. नाही पटत. निरोप वाटेत हरवू शकत असेल, तर शेवटचा निरोप पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

विभागाच्या फाटकावर बॅनर होता: 'डॉ. उज्ज्वला यांचे हार्दिक अभिनंदन'. परीक्षा अजून व्हायची होती. आपल्याकडची मौखिकी म्हणजे साखरपुडा उरकल्यावर 'मुलगी पसंत आहे ना?' विचारण्यासारखी. परीक्षक आक्षेप घेतो, विद्यार्थी 'नोंद घेतली' म्हणतो, आक्षेप विरघळतो आणि मंडळी जेवायला उठतात. सावजी मटणाची (नागपूरचा जहाल, काळसर मसाला) टेबलं राखून ठेवलेली होतीच.

चहाला विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. चूक त्यांनाही कळली होती; फक्त मार्गदर्शकांच्या कानावर जाऊ नये, ते दुखावतील. बेसिनपाशी रायपूरहून आलेले दुसरे परीक्षक हेच कुजबुजले. मार्गदर्शक आणि विभागप्रमुख, या दोघांना कळता कामा नये. म्हणजे चूक सगळ्यांना ठाऊक, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. या अवस्थेवर मी आयुष्यभर निबंध लिहिले. ती चहाबरोबर आयती मिळते याची कल्पना नव्हती.

सभागृहात पहिल्या रांगेत नागपूरजवळच्या खाप्याहून सुमो गाडी करून आलेले नातेवाईक होते. मधोमध कडक इस्त्रीच्या शर्टात उज्ज्वलाचे वडील. ती तिकडच्या कॉलेजात कित्येक वर्षं तासिकेवर शिकवते. पुढच्या आठवड्यात कायम जागेची मुलाखत होती, आणि पदवीशिवाय तिला आत बोलावणार नव्हते. हे मार्गदर्शकांनी मला पोह्यांच्या आधीच ऐकवलं होतं.

अहवालात लिहिलेलं विचारणं मला भाग होतं. चौथ्या प्रकरणातला सिद्धांत फळ्यावर मांडा, असं मी म्हटलं. व्यासपीठावरचे तिघे आपापल्या कपात बघू लागले. उज्ज्वलानं खडू हातात घेतला.

"मॅडम, तो सिद्धांत चूक आहे."

"हे का बोलून राहिली वं?" वडील खुर्चीतूनच म्हणाले. "झालं ना आता. बॅनर लागला."

"बाबा, तुमाले सोडून इथं सगळ्याईले माहीत हाय."

"मंग त्याईनं काहून (का) नाई सांगितलं?"

व्यासपीठावरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाचा चेहरा आपल्यालाच फसवल्यासारखा.

मग तिनं नवी सिद्धता मांडली. निरोपांनी पक्की खात्री होत नाही, दाट शक्यता तेवढी मिळते, आणि व्यवहारात यंत्रं तेवढ्यावर चालतात. हे प्रकरण तिनं लिहून आणलं होतं; पिशवीतून काढू नको, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं.

चूक मोठ्यानं बोलली गेली, त्यामुळे कागदावरही लिहावी लागली. सुधारित प्रकरण मी तपासून मान्य करेपर्यंत निकाल राखून ठेवला. दुखावलेले मार्गदर्शक म्हणाले, घाई नाही, अशा कामाला महिना लागतोच. बॅनर उतरवला. टेबलं मात्र राखलेली, म्हणून सगळे जेवायला गेलो. रस्सा असा, की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी. खरं कोण रडतंय हे कळायला मार्ग नव्हता. उठताना उज्ज्वलाचे वडील एवढंच म्हणाले, "पोरीचं बरोबर असंल त लवकर सांगजा, मॅडम."

परतीच्या गाडीत वर्ध्यापर्यंत प्रकरण वाचून झालं, बडनेऱ्यापर्यंत दुसऱ्यांदा. बरोबर होतं. तिथेच मान्यतेचा अहवाल लिहिला आणि विद्यापीठ, विभागप्रमुख, मार्गदर्शक, रायपूरकर आणि उज्ज्वला अशा सगळ्यांना एकाच मेलनं पाठवला, नावं एकमेकांना दिसतील अशी. इतकी वर्षं मी हे चिन्हांत लिहीत आले: गटाला एखादी गोष्ट कळायची तर ती सर्वांसमक्ष सांगावी लागते. त्या चिन्हांत सांगणाऱ्याची मुलाखत पुढच्या आठवड्यात असल्याचं कुठे येत नाही.

मेल सुटला आणि रेंज गेली. अकोल्याला ती परत आली तेव्हा उज्ज्वलाचं उत्तर आलेलं होतं, सगळ्यांना पाठवलेलं: 'मिळालं. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.'