स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे

बातमीदाराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेल्याच जास्त साठतात. छापलेली दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली डोक्यात मुक्काम ठोकते आणि वर्षागणिक तिचा राग वाढत जातो. बेंगळुरूच्या एका इंग्रजी पेपरात मी उभी हयात शहराची पानं भरली. तलाव बुजवणारे, रस्ते उकरून तसेच टाकून जाणारे, सगळ्यांवर लिहिलं. पण ज्या विषयावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं, त्यावर एकाही संपादकाने मला लिहू दिलं नाही. तो विषय म्हणजे घरातले स्पीकर.

हसू नका. राजाजीनगरला आमच्या मराठी मंडळाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही काही जण जमतो. फिल्टर कॉफी, कोणाच्या तरी घरचा चिवडा आणि गाणं. पगारदार माणसाला परवडतील अशा स्पीकरमधून चांगला आवाज कसा काढायचा, हा आमचा कायमचा विषय. माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच आहे. परवडणाऱ्या स्पीकरमध्ये भरपूर चांगला आवाज असतो. त्यातला अर्धा आवाज लोक स्वतःच्या हाताने मारतात, आणि उरलेला अर्धा मुळात नाहीच असं दुकानदार त्यांना पटवून देतो.

पुरावे देतो. माझ्याकडे पुराव्यांना तोटा नाही.

* * *

आमच्यातल्या रघुनाथअण्णांना स्पीकर घ्यायला मीच घेऊन गेलो होतो. अण्णा बसवनगुडीचे. त्यांचं घराणं इथे इतक्या पिढ्या आहे की त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनी कन्नड डोकावतं. मंडळाच्या गुरुवारच्या भजनाला तबला अण्णांचाच. त्यांचा ठेका नसला तर आमचं भजन उतारावरच्या रिक्षासारखं सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

शोरूम चकाचक. सेल्समनने आधी आम्ही विचारलेले लहान स्पीकर लावले. मग त्याच गाण्यावर मोठे, महागडे लावले. काय तो फरक! अण्णा म्हणाले, "स्वल्प जास्त पडले तरी हेच घेऊ या रे मधू."

माझं लक्ष गाण्याकडे नव्हतं. माझं लक्ष त्या पठ्ठ्याच्या हाताकडे होतं. महागडे लावताना त्याने आवाजाचं बटण हळूच पुढे सरकवलं होतं. जोरात वाजलेलं कोणालाही चांगलंच वाटतं. या एका गोष्टीवर तो सगळा धंदा उभा आहे! मी त्याला म्हटलं, दोन्हींचा आवाज सारखा ठेव आणि पुन्हा लाव.

त्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, "सर, आवाज सारखा केला तर तुम्हाला फरक कळणार कसा?"

आम्ही लहान जोडी घेऊन बाहेर पडलो.

* * *

कुलकर्णी म्हणजे सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. विमानाच्या भागांमध्ये केसाएवढी चूक काढणारा माणूस. एका रविवारी तक्रार घेऊन आले की त्यांच्या स्पीकरमधून गाणारा माणूस तोंडात घास असल्यासारखा गातो. कंपनी फसवी आहे, ग्राहक मंचात जातो, तुम्ही पेपरात लिहा.

मी लिहिण्याआधी जागेवर जाऊन बघतो. ती सवय आता लोकांची मोडली आहे, पेपरवाल्यांचीसुद्धा. गेलो. स्पीकर शोकेसमध्ये होते. चांदीच्या गणपतीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. दोन्हींवर विणलेले रुमाल. रुमालाखाली कंपनीचं पॅकिंगचं प्लास्टिक, जसंच्या तसं. आणि शोकेसची काच बंद!

मी विचारलं, गाणं लावताना काच तरी उघडता का? म्हणाले, धूळ जाते.

माझा पारा चढला. आयुष्यभर यंत्रं हाताळलेला हा माणूस! काच सरकवली, रुमाल काढले, प्लास्टिक फाडलं, स्पीकर दोन स्टुलांवर ठेवले. भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीला, दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढंच दोघांपासून आपलं. संपलं शास्त्र. यापलीकडे यात काही नाही. गाणं लावलं तर गाणाऱ्याच्या तोंडातला घास गेला. कुलकर्णींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

पुढच्या रविवारी विचारलं, कसं चाललंय? खाली मान घालून म्हणाले, परत आत ठेवले. वहिनींनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता.

"स्पीकर बाहेर काढले, तर शोकेसमध्ये काय ठेवायचं?"

* * *

हे सगळं मी हसत सहन केलं असतं. पण मग अण्णांचं प्रकरण आलं.

एका रविवारी अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं की दसऱ्यापर्यंत तबल्याला दुसरं कोणी बघा. कान गेले. त्यांच्या मुलाने गाण्यांनी भरलेला एक पेनड्राइव्ह दिला होता, त्यात एक व्हायोलिन होतं. अण्णा रोज सकाळी ते लावायचे. "तबला चालू असतो रे, अन् व्हायोलिन मध्येच गायब. मग परत येतं. पुन्हा गायब. वरचे सूर गेले माझे. माझ्या अप्पांचंही असंच सुरू झालं होतं."

तबल्याशिवाय अण्णा म्हणजे काय, हे आम्हाला कोणालाच डोळ्यांपुढे आणता येईना.

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि तिथून माझा संताप सुरू होतो. कुलकर्णी म्हणाले, अँप्लिफायर गरम होत असेल. एक जण म्हणाला, स्वस्त स्पीकर आहेत, दमतात. स्पीकर दमतात! निखिल परांजपे म्हणाला, "काका, केबल बदला. केबल इज एव्हरीथिंग." अण्णा प्रत्येकाला कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत राहिले आणि ती केबल कुठे मिळते ते परांजपेला विचारायला लागले.

* * *

हा परांजपे मारतहळ्ळीला राहतो. पुण्याहून आला, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगा वाईट नाही. पण त्याने स्पीकरपेक्षा महाग वायर घेतलेली आहे. परदेशी. चांदीचा मुलामा, वर विणलेलं आवरण, मखमली पिशवी. अण्णांनी ती मागवायच्या आत मी परीक्षा ठरवली.

परांजपेच्याच घरी, त्याच्याच स्पीकरवर. वायरी पलंगपोसाच्या आड. मी मागे बसून वायर बदलणार, त्याने पुढे बसून ओळखायचं. परांजपेने डोळे मिटले. पहिल्यांदा म्हणाला, ही साधी वायर, आवाज सपाट आहे. दुसऱ्यांदा त्याचा चेहरा उजळला. "ऐका काका! केवढं ओपन झालं. तानपुऱ्याची तार अन् तार दिसतेय. ही माझी."

मी पलंगपोस उचलला. दोन्ही वेळा स्पीकरला दारावरच्या घंटीची वायर होती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली. त्याची परदेशी वायर मखमली पिशवीत, माझ्या मांडीवर.

परांजपेने पिशवी माझ्याकडून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे ती खोलीत असली तरी फरक पडतो."

अण्णांना मी फोनवर सांगितलं, वायर घ्यायची नाही. तर म्हणाले, "बरं झालं. म्हणजे दोष वायरीचा नाही, माझाच."



* * *

मंडळाच्या हॉलचंही सांगून टाकतो. रंगकाम झालं आणि त्यानंतर खालच्या हॉलमधले स्पीकर बिघडले. बोलणारा माणूस समोर उभा आणि त्याचा आवाज कुठूनच येत नाही. चहूकडे पातळ पसरलेला, खालचे सूर गायब. भजनात पेटी ऐकू येईना. अण्णा म्हणाले, बघा, आता इथेही मला ऐकू येईना झालंय. मी म्हटलं, अण्णा, कोणालाच ऐकू येत नाही! पण त्यांनी मनाशी धरलंच होतं.

समितीची बैठक बसली. नवीन साउंड सिस्टिम घ्यायची असं ठरलं, भाषणं झाली, आभार झाले. मी दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन वर चढलो. रंग देणाऱ्याने वायरी सोडून परत जोडताना एका स्पीकरची लाल आणि काळी उलटी लावली होती. त्यामुळे एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे खेचतो. दोघं मिळून एकमेकांचा आवाज खातात. वायर सरळ केली. भजनाचं रेकॉर्डिंग लावलं, तर पेटीचा सूर हॉलच्या मध्यभागी येऊन बसला.

अध्यक्षांना बोलावून ऐकवलं. त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं, मान डोलावली, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"छान आलाय आवाज," म्हणाले, "पण आता कसं करायचं? ठराव पास झालाय."

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर वायर पुन्हा उलटी होती. कोणी केली ते मी आजतागायत शोधतोय.

* * *

अण्णांना ओढून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते जायला तयार नव्हते. खरंच निघालं तर, एवढीच भीती. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या मुलीने त्यांना शिट्ट्या ऐकवल्या, बारीक, जाड, दूरच्या. अण्णांनी सगळ्यांना हात वर केला. ती म्हणाली, वयाच्या मानाने उत्तम कान आहेत.

मी खूश. आम्ही रिक्षाने निघालो. लालबागपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा अण्णा म्हणाले, "शिट्टी ऐकू येते रे तिची. संगीत येत नाही. शिट्टीवर तबला वाजवू का मी?"

मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, म्हणाले की घरात हल्ली त्यावरून कुरबूर होते. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात तुमचं ते सकाळचं गाणं छान आहे, बासरीचं. "बासरी कुठली? इथे व्हायोलिनही पुरतं ऐकू येत नाही. आता तिचं डोकं चाललंय की माझं, देवाला ठाऊक."

मी रिक्षावाल्याला सांगितलं, पुढे माझ्या घरी नको, मीही अण्णांकडेच उतरतोय. इतक्या जणांनी इतके सल्ले दिले, आणि एकही जण त्यांच्या घरात जाऊन बघून आला नव्हता! ट्रॅफिक असतं म्हणे.

* * *

अण्णांचं घर जुनं, लांबट. पुढे हॉल, मग देवघर, मग जेवणाची खोली, अगदी मागे स्वयंपाकघर. हॉलमध्ये टेबलावर तो लहान अँप्लिफायर, शेजारी एक स्पीकर. भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीला. माझं सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"अण्णा, दुसरा कुठाय?"

"आत आहे ना."

"आत कुठे?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही. "दोन आले ना रे? एक माझा, एक तिचा."

वायर व्हेंटिलेटरमधून थेट मागे गेली होती. मुलाने सुट्टीत येऊन व्यवस्थित क्लिपा मारून दिली होती. दुसरा स्पीकर स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांवर. दार लावलेलं, धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरतोय, आणि अक्का पळीने सारू, म्हणजे आपलं सार, ढवळत उभ्या.

मी भडकलो. अक्कांना न विचारताच स्पीकर उचलला, वायर गोळा केली, हॉलमध्ये स्टुलावर मांडला. अण्णांना मधोमध बसवलं. पेनड्राइव्हवरचं ते गाणं लावलं.

डावीकडे व्हायोलिन सुरू झालं. एक ओळ वाजवून थांबलं. आणि उजवीकडून बासरीने तीच ओळ उचलून उत्तर दिलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. व्हायोलिनने पुन्हा विचारलं, बासरीने पुन्हा सांगितलं. मधोमध तबला. अण्णांचा हात गुडघ्यावर आला आणि बोटं चालायला लागली. अक्का पळी हातात तशीच घेऊन दारात आल्या. कधी बसल्या, मला कळलं नाही.

गाणं संपलं. अक्का म्हणाल्या, "अय्यो, मी त्या बासरीवाल्याला आळशी समजत होते. म्हटलं, सारखा थांबतो काय हा."

अण्णा उठले, आतल्या खोलीत गेले, तबल्याची खोळ काढून बघितली, पुन्हा घातली. बाहेर येऊन म्हणाले, "गुरुवारी मला न्यायला ये. रिक्षा मिळत नाही संध्याकाळची."

मग उजवीकडचा स्पीकर दोन्ही हातांनी उचलून ते स्वयंपाकघराकडे चालू लागले.

"अण्णा! आता काय सांगतोय मी इतका वेळ?"

"सांगितलंस, कळलं. कान ठीक आहेत माझे. हा तिचा आहे."

डब्यांवर स्पीकर ठेवला. अक्कांनी पंखा बंद केला. दार मात्र या वेळी उघडं ठेवलं. अण्णा हॉलमध्ये आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि गाणं पुन्हा लावलं. मी कपाळाला हात लावून समोर बसलो. व्हायोलिनने ओळ वाजवली आणि थांबलं. अण्णा माझ्याकडे वळून काहीतरी सांगायला लागले, तोच मागून, तीन खोल्यांपलीकडून, अक्कांचा आवाज आला.

"जरा गप्प बसा तिकडे. आता माझा वाजवतोय."