गयाआत्याचा ओढा

गयाआत्या गिऱ्हाइकाला आधी माल दाखवत नसे. आधी गिऱ्हाईक पाहून घेई. बेल्ह्याच्या आठवडे बाजारात, बैलांच्या दावणी संपतात तिथं, ओल्या फडक्यानं झाकलेली जर्मनची डेचकी पुढ्यात घेऊन ती खेकडे विकायला बसायची. कुणी वाकलं की डेचकीवर हात ठेवून विचारायची, "कुठलं पावणं? खायाला पायजे, का नुसतं बघायला?" उत्तर पटलं तरच फडकं उचललं जाई, तेही एका कोपऱ्यातून.

नव्वदच्या दशकात मी तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. त्या दिवशी माझ्यासाठी कोपरा उचलला गेला आणि मी उकिडवाच बसलो. आत एकच खेकडा होता. जांभळट काळा, पाठ माझ्या पंज्याएवढी रुंद. आमच्याकडच्या ओढ्यांत एवढा खेकडा मी पाहिला नव्हता, पुस्तकांतही नव्हता.

"आत्या, कुठं सापडला हा?"

"वढ्यात."

"कुठल्या ओढ्यात?"

"पाण्याच्या."

मला शंका आली. भाजीचे टेम्पो माळशेज उतरून कल्याणला जातात. येताना कुणीतरी समुद्रातला खेकडा आणून हिला दिला असणार. मी ते बोलून दाखवलं, जरा मोठ्यानंच. आजूबाजूची माणसं हसली. आत्यानं फडकं खोचलं, डेचकी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून उठून गेली.

पुढच्या आठवड्यात ती कॉलेजात आली. बोरी बुद्रुकच्या पलीकडच्या वस्तीवरून, एसटीनं, डेचकी मांडीवर घेऊन. शिपायानं अडवलं तर त्याला म्हणाली, "तुमच्या मास्तरानं मला बाजारात खोटं पाडलंय. बलवा त्याला." प्रयोगशाळेच्या टेबलावर तिनं तसलीच एक मोठी खेकडी उताणी धरली आणि पोटावरची झडप अंगठ्यानं हलकेच उघडली. आत मुगाएवढी पिल्लं होती, एकमेकांवर चढलेली, दाटीवाटीनं.

"दर्यातली म्हणत व्हता न्हवं? मग हिची पोरं बघा आन् सांगा."

सांगायचं काय? समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून निघाली की पाण्याबरोबर वाहून जातात. पिल्लं अशी पोटाशी धरून वाढवते, ती गोड्या पाण्यातली खेकडी. मी हात जोडले.

"चुकलो, आत्या. पण ही मला द्या. पुण्यातल्या जाणकारांना दाखवायची आहे."

"लेकुरवाळी मी कदी धरत न्हाई. मी खोटी न्हाई, एवढं दावायला आणली. आता जागंवर सोडायची."

मी स्कूटर काढली. मागं बसून ती मला कधी डावीकडं, कधी उजवीकडं वळवत होती. एकाच देवळावरून आम्ही दोनदा गेलो, अशी मला दाट शंका आहे. शेवटी एका ओढ्याशी उतरून तिनं मला करंजाखाली बसवलं. "हितंच बसा. मागनं येऊ नका." ती वळणापलीकडं दिसेनाशी झाली आणि बऱ्याच वेळानं रिकामी डेचकी घेऊन परतली.

महिन्याभरानं तिनं आपणहून एक म्हातारा नर आणून दिला. "ह्यो घ्या. पर वढा कागदावर लिवायचा न्हाई. लोक बादल्या घिऊन येत्याल, बिळं उकरत्याल." मी शब्द दिला.

पुण्याच्या जाणकारांनी बरीच वर्षं ताडून पाहिलं. ती जात विज्ञानाला नवीनच निघाली. शोधनिबंध छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी बजावलं, ठिकाणाशिवाय नोंद पुरी होत नाही. मी दोन दिवस टाळाटाळ केली. मग ओढ्याचं नाव, करंजाचं वळण, सगळं लिहून दिलं. निबंधावर माझंही नाव येणार होतं, हे लपवत नाही.

बातमी पेपरात आली आणि लोक खरोखरच बादल्या घेऊन गेले. नंतर मी जाऊन पाहिलं, तर दोन्ही काठ नांगरल्यासारखे झाले होते. मोठा खेकडा कुणालाच मिळाला नव्हता. जात संपली आणि ती मी संपवली, असं मला वाटलं. पुढं दोन वर्षं मी बेल्ह्याचा बाजार टाळला.

आत्या आजारी आहे असं कळलं तेव्हा मात्र गेलो. ती पडवीत बाजेवर पडून होती. मी सगळं कबूल केलं. 

"किती दिस ठिवला शबूद?"

"पुण्याचे लोक ठिकाण मागायला लागल्यावर... दोन दिवस."

"दोन? मला वाटलं व्हतं, त्याच सांजंला सांगशाल." खोकत खोकत ती हसली. "मास्तर, त्यो वढा त्यो न्हवंच. तुमाला बसिवलं आन् मी टेकाड चढून पल्याड गेले व्हते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कुठला?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग सुनेनं ठेवलेली बशी माझ्याकडं सरकवली. "च्या घ्या. निवतोय."

त्याच वर्षी श्रावणात ती गेली. मी पुण्याला पत्र लिहिलं, की नोंदीतलं ठिकाण चुकीचं आहे. मग खरं कोणतं, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी कळवलं. त्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.