आवाज बंद ठेवलेला व्हिडिओ

आधी माफी मागतो. दिघे सरांवर लिहायला त्यांच्या बरोबरीची माणसं आहेत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि पेपरासाठी मी कधी काही लिहिलेलं नाही. सर गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं. शाळेच्या ग्रुपमधून मी स्वतःच बाहेर पडलो होतो. का, ते सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट होतं. विज्ञान शिकवायला सर घरून आपला लॅपटॉप आणायचे, वह्यांच्या चळतीवर ठेवायचे आणि इंटरनेटवरचे प्रयोगांचे व्हिडिओ दाखवायचे. व्हिडिओ इंग्रजीत, आम्ही हिंदी माध्यमाचे, आणि सरांचंही इंग्रजी बेताचंच. म्हणून ते आवाज बंद करायचे आणि क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं स्वतः बोलायचे. मी मराठी घरातला म्हणून मधूनच माझ्याकडे वळायचे, "बघ भिया, पानी कसं वर चाललंय! झोप घरी जाऊन काढ." आमच्या हिंदी शहरात भैयाचं भिया होतं. मागून कुणीतरी ओरडायचं, "सर, आवाज तो खोलो!" त्यावर सर, "क्यों, मेरी आवाज में काँटे लगे हैं क्या?"

तो व्हिडिओ मेणबत्तीचा होता. ताटलीत पाणी, मधे पेटलेली मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. सर म्हणाले, ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. व्हिडिओ तिथेच थांबवला. पुढे विज्ञानच शिकायचं, हे मी त्या तासाला ठरवलं...

कॉलेजात सगळं इंग्रजीत. मधल्या सुट्टीत मुलं घोळक्याने पलासिया चौकात चहाला जायची. मी जिन्याखाली बसून कानात इयरफोन घालून इंग्रजी समजून घ्यायचो. एकदा तोच व्हिडिओ सापडला आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यातला माणूस सांगत होता, ऑक्सिजनचं हे कारण सगळीकडे शिकवतात, पण ते चूक आहे. तापलेली हवा ज्योत विझल्यावर गार होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं. पुढे त्याने तीन मेणबत्त्या लावल्या. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढलं. जे तो व्हिडिओ खोडून काढत होता, नेमकं तेच सर आवाज बंद करून आम्हाला सांगत होते.

हे सांगायला माझ्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. घरी सांगून कोणाला कळणार? मी सरांनाच मेसेज केला... आणि तो इंग्रजीत केला. मला इंग्रजी येऊ लागलंय हे त्यांना दिसावं म्हणून. 'तुमचं स्पष्टीकरण चूक होतं, व्हिडिओ नीट ऐका,' असा त्याचा अर्थ. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा ते किती उद्धट आहे ते जाणवलं. माफी मागायचा धीर झाला नाही. ग्रुप सोडला, शाळेच्या गल्लीतून जाणं सोडलं. असे चार महिने गेले, आणि मग सरच गेले.

मागच्या रविवारी राजेंद्र नगरला त्यांच्या घरी गेलो. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, त्या मेसेजबद्दल अडखळत सांगितलं.

"अरे, तो तू होय!"

"सर रागावले होते?"

"रागावतात कसले. मुलीकडून अर्थ लावून घेतला. उत्तर इंग्रजीतच द्यायचं म्हणून रोज कागदावर दोन ओळी लिहायचे नि खोडायचे. मी म्हटलं, अहो, मराठीत लिहा ना, तो काय लंडनचा आहे? तर म्हणाले, त्याने मेहनत केलीय, मी पण करीन."

मग म्हणाल्या, "आणि त्याच आठवड्यात सगळ्या वर्गांना तो व्हिडिओ पुन्हा दाखवला. आवाज चालू ठेवून. मुलांना सांगितलं, मी इतकी वर्षं चूक शिकवत होतो, माझ्या विद्यार्थ्याने पकडली."

मी विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"फळ्यावर लिहिलं म्हणाले. पूर्ण नाव... तुझ्या वडिलांच्या नावासकट."