अँटिबॉडीचे पेढे

आता काय सांगू, माणसं यशाचे पेढे वाटतात, मी अडाणीपणाचे वाटले. केशराचे, सातपूरच्या आमच्या कॉलनीत, घरोघरी.

झालं असं की वर्षभर माझे पाय जड झाले होते. जिना चढताना वाटायचं, पोटऱ्यांना कुणी ओली पोती बांधलीत. मुलगी मीनल, तिला तेव्हा सातवा महिना, मला ओढत मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी कसल्याशा विषाणूसाठी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले आणि वाचलाही. लांबलचक नाव, पुढे लिहिलेलं: अँटिबॉडी पॉझिटिव्ह.

तुम्हीच सांगा, कोरोनात आपण काय शिकलो? अँटिबॉडी म्हणजे कवचकुंडलं. शेजारच्या कुंदाताई तर आपला आकडा दहावीच्या टक्क्यांसारखा सांगत फिरायच्या. मला वाटलं, रोग यायच्या आधीच देवानं बंदोबस्त केला.

तशीच गंगाघाटावरच्या गणपतीला गेले. हात जोडले आणि हाव सुटली. म्हटलं, बाप्पा, मला दिलंस तेच माझ्या मीनलला दे. एकवीस संकष्ट्या, दर वेळी एकवीस मोदक.

पेढा हातात घेत कुंदाताईंनी विचारलं, मीनल मोकळी झाली का? म्हटलं, नाही हो, मला अँटिबॉडी आल्या. त्यांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंपुढेही खोका ठेवला. त्यांनी तो उघडला नाही.

"काकू, घरात चोर शिरलाय म्हणून कुत्रं भुंकतंय. तुम्ही भुंकण्याचे पेढे वाटताय."

मग सगळं समजावलं. हा विषाणू एचआयव्हीच्या लांबच्या भावकीतला. एकदा आला की जन्मभराचा. माझे पाय त्यानंच जड केले होते. अँटिबॉडी म्हणजे तो आल्याची खूण, त्याला हुसकावणं काही त्यांना जमत नाही. लस आहे का, विचारलं. अजून नाही, म्हणाल्या. याच्याकडे फारसं कुणाचं लक्षच नाही. काहीजण शोधताहेत, या अँटिबॉडींमधल्या कामाच्या कुठल्या, त्यांवरून लस करता येईल का.

मग त्यांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का? म्हटलं, मीनलच्या बाळंतपणात, दोन बाटल्या.

"आणि मुलीला अंगावर किती दिवस पाजलंत?"

मी ताठ बसले. आयुष्यात मला एवढंच तर पदक. "अडीच वर्षं," म्हणाले.

त्यांनी नवी चिठ्ठी ओढली आणि वर मीनलचं नाव लिहिलं. हा विषाणू आईच्या दुधातून जातो.

घरी येऊन मी खरं ते कुंदाताईंना सांगितलं. देवाधर्माच्या बाईनं लपवायचं कशाला? त्यांनी त्यातली फक्त एचआयव्हीची भावकी ऐकली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका आल्या त्या उंबऱ्यापर्यंतच. पन्हं पुढे केलं तर म्हणे, "वहिनी, आज उपास आहे." सगळ्या कॉलनीला एकाच दिवशी उपास. इतक्या व्रतस्थ बायका मी आजवर पाहिल्या नव्हत्या.

मीनलचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

"आई, तू बाप्पाकडे नेमकं काय मागितलं होतंस?"

सांगितलं. ती पोट धरून हसली. हसता हसता कधी रडायला लागली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. जन्मभर मी नवस बोलत आले, हा एकच अक्षरशः पावला. आणि पावलेला नवस फेडावा लागतो. दर संकष्टीला एकवीस मोदक वळते आहे. सारण नीट होतं, कळ्या बिघडतात.

डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेकांना यानं काहीच होत नाही, मीनल ठणठणीत राहील. नात झाली, तिला डब्याचं दूध. तपासणी मात्र दोन वर्षांनी, कारण सुरुवातीला बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी असतात.

मी आशा सोडलेली नाही. नातीसाठी नवा नवस बोललेय. पण बाप्पापुढे आता तोंड उघडत नाही, चिठ्ठी ठेवते. मजकूर डॉक्टरीणबाईंकडून तपासून आणलाय. खाली त्यांची सही आहे.