बोरकर सर अन् हवेतलं नेट

"बोरकर सरानं नागपूरले पोरगी पाह्यली म्हणे, पोहे खाल्ले, अन् होकारही..."

एवढंच ऐकू आलं. मागच्या गच्चीवर दोघी जणी पापड वाळत घालत होत्या, अन् नेमकी तेव्हाच माझ्या कुकरनं शिट्टी दिली. गॅस बंद करून धावत आले, तोवर त्या खाली उतरल्या!

मग मी वाटी उचलली अन् बोरकरांकडे साखर मागायला निघाले. घरात साखर होती, ते सोडा. सरांच्या बायकोला, मालतीवहिनींना, हे कळलं तर काय होईल, याची मला काळजी! त्यांचा नीलेश पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. आईनं दाखवलेल्या प्रत्येक पोरीला नाही म्हणणारा. पण वहिनींचं एकच म्हणणं, "सून मीच पाहीन जी. यायले वांगे पारखता येत नाही, पोरगी काय पारखतीन!"

तसे सर भले माणूस. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, बेडकांवर पेपर लिहितात अन् ते वाचायला गावोगावच्या कॉन्फरन्सला जातात. जाताना बॅग घेऊन जातात, येताना किस्सा घेऊन येतात. आमच्या गल्लीत आता ठेवायला जागा नाही!

*

नीलेशनं बापाला लॅपटॉप दिला तेव्हाची गोष्ट. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात नेट यायचं ते फोनच्या तारेतून, अन् मध्येच कोणाचा फोन आला की तुटायचं. नीलेश म्हणाला, "बाबा, मोठ्या हॉटेलात बिना तारेचं असते. हवेतून येते."

सर जबलपूरला गेले. खोलीत नेट लागेना. सरांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या अन् वाट पाहत बसले.

परत आले तेव्हा तोंडभर लाल फोड. वहिनींनी विचारलं, "आलं काय मग हवेतून?"

"आले न! मच्छर आले."

*

भोपाळला नेट होतं, पण फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, हात धुवायच्या बेसिनपाशी. सर कोट-टाय घालून, हातावर लॅपटॉप तोलत तिथंच उभे. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "भैया, नैपकिन किधर है?"

सरांना नाही म्हणता येत नाही. नॅपकिन देऊन देऊन कंटाळले. दुपारच्या सत्राला अध्यक्ष म्हणून स्टेजवर बसले, तर समोरचा एक जण शेजाऱ्याला म्हणतो, "अरे, कैटरिंगवाले को ऊपर क्यों बिठाया?"

*

रायपूरला मात्र आयोजकांनी सरांना कौतुकानं पासवर्ड दिला. फक्त सरांना. संध्याकाळी आभार मानायचं काम सरांकडे होतं. आभार म्हटले की कोणी राहायला नको! सरांनी चहावाल्याचे मानले, सतरंजीवाल्याचे मानले, अन् शेवटी नेट दिल्याबद्दल आभार मानताना माइकवरून पासवर्डही वाचून दाखवला.

सगळा हॉल एकदम नेटवर! आयोजकांचंही बंद पडलं. सर म्हणतात, "ज्ञान वाटल्यानं वाढते. हे काहून नाही वाढलं?"

*

तर, साखरेची वाटी. वहिनी गॅसपाशी उभ्या, सर खुर्चीत अवघडून बसलेले. बातमी माझ्या आधीच पोचली होती.

"खरं सांगा, कोणाच्या घरी गेलते?"

सरांनी सांगितलं. बेडकांचे फोटो घरीच राहिले होते. नीलेशकडे त्यांची प्रत होती, ती त्यानं पुण्याहून मेलवर पाठवली, पण नागपूरला कॉन्फरन्सच्या जागी नेट नाही. सर लॅपटॉप उघडून रस्त्यानं निघाले. एका बंगल्याच्या फाटकाशी नेट लागलं. ओसरीवरचे आजोबा उठून म्हणाले, "या, या! तुमचीच वाट पाहून राह्यलो!"

"मले वाटलं, नागपूरचे लोक लय अगत्याचे."

त्या घरी त्या दिवशी पाहुणे यायचे होते, मुलगी पाहायला! सरांना सोफ्यावर बसवलं, पोहे दिले. मुलगी चहा घेऊन आली. सरांना काही जमत नाही असं पाहून तिनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला अन् फोटो उतरवून दिले.

"मुलाचा फोटो आणला असन न?" आजोबांनी विचारलं.

तेवढ्यात पडदाभर बेडूक उघडला. गळा फुगवलेला!

मुलगी हसता हसता खालीच बसली. अन् तेव्हाच खरे पाहुणे फाटकात उतरले.

"होकार?" वहिनी दरडावल्या.

"देवाशपथ, मी फक्त पोहे खाल्ले!"

वहिनींनी श्वास सोडला. माझ्या वाटीत साखर पडली, तीही गच्च भरून. अन् फोन वाजला. पुण्याहून नीलेश.

झालं असं होतं, की फोटो उतरवताना त्या मुलीनं सरांच्याच मेलवरून नीलेशला उत्तर टाकलं होतं: 'फोटो मिळाले. तुमचे बाबा पोहे खात आहेत. काळजी नसावी.' नीलेशनं तिला विचारलं, आपण कोण? तिनं तिथंच आपल्या मेलचा पत्ता कळवला, अन् तेव्हापासून दोघांचं लिहिणं सुरूच होतं. त्या पाहुण्यांना तिनं नकार दिला होता.

"आई, माझा होकार आहे, अन् तिचाही. पण तू पाहून ये न एकदा. तू पाह्यल्याशिवाय नाही."

वहिनींनी फोन ठेवला. पदरानं डोळे पुसले. मग कमरेवर हात ठेवून सरांपुढे उभ्या राहिल्या.

"चहा घेऊन ती तुमच्याच समोर आलती न? मंग सांगा, पोरगी कशी आहे?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"चेहऱ्याकडं लक्ष नाही गेलं, मालती. पण तिच्या घरी नेटच्या पाचही काड्या फुल होत्या!"